वेचणीच्या दिवसांतील रात्रीचे जेवण: गोळाभात, कढीगोळे, चिकोल्या आणि दोन गोड पदार्थ

दिवाळी आटोपली की आमच्या यवतमाळ जिल्ह्यातील गावात कापसाच्या वेचणीला जोर येतो आणि पुढचे दोन-अडीच महिने घरातील बाई शेतातून परतेपर्यंत दिवेलागण झालेली असते. हातपाय धुऊन चूल पेटवीपर्यंत सात वाजतात, पोरे पदराला धरून भूक-भूक करीत असतात, आणि पोळ्या, भाजी, वरण, भात असा चार भांड्यांचा स्वयंपाक करण्याचे त्राण अंगात उरलेले नसते. अशा दिवसांत आमच्याकडे एका, फार तर दोन भांड्यांत होणारे, पोटभरीचे आणि वाफाळते असतानाच खायचे पदार्थ रांधले जातात. त्यांपैकी गोळाभात, कढीगोळे आणि चिकोल्या, तसेच कोहळ्याचे बोंड व लापशी हे पाच पदार्थ मी या लेखात घेतले आहेत. यांतल्या प्रत्येकाला बिघडण्याची बहुधा एकच जागा असते आणि ती सांभाळली की नवशिक्या हातालाही पदार्थ साधतो. म्हणून मसाल्यांपेक्षा त्या जागांविषयी मी अधिक लिहिले आहे.

सर्व मापे चार माणसांची आहेत. वाटी म्हणजे सुमारे २०० मिलिलिटरची, मोठा चमचा म्हणजे पोहे खाण्याचा आणि लहान चमचा म्हणजे चहात साखर घालण्याचा.

सामानाविषयी थोडे

तांदूळ नवा नसावा, कारण नव्या तांदळाचा भात चिकट होतो आणि गोळाभातात तर त्याची लापशीच होते. आमच्या भागात रोजच्या भाताला बहुतेक घरांत एचएमटी तांदूळ असतो. चंद्रपूर जिल्ह्यातील नागभीड तालुक्यात नांदेड फकीरी नावाचे गाव आहे. तेथील दादाजी खोब्रागडे या अल्पभूधारक शेतकऱ्याने १९८३ च्या सुमारास आपल्या धानाच्या बांधीत वेगळ्या दिसणाऱ्या लोंब्या हेरल्या, त्यांचे बी राखले आणि वर्षामागून वर्षे निवडून हे वाण तयार केले. त्या काळी एचएमटीच्या घड्याळांचे फार अप्रूप होते, त्यावरून वाणाला ते नाव पडले. बारीक, मऊ शिजणारा आणि तरीही दाणा मोडू न देणारा हा तांदूळ गोळाभाताला अगदी योग्य आहे.

तिखट भिवापुरी मिरचीचे असेल तर सांगितलेल्या मापापेक्षा थोडे कमीच घालावे. फोडणीला फल्लीचे, म्हणजे शेंगदाण्याचे, तेल चालते, परंतु घाण्यावरचे करडईचे तेल मिळाले तर गोळाभातासाठी ते राखून ठेवावे, कारण या पदार्थात तेल भातावर वरून घेतले जाते आणि त्याची चव लपत नाही. ओल्या कोथिंबिरीला आम्ही सांबार म्हणतो आणि लाल भोपळ्याला कोहळे. पुढे हेच शब्द येतील, तेव्हा पुण्या-मुंबईकडच्या वाचकांनी कोहळ्याचा अर्थ पेठ्याचे पांढरे फळ असा घेऊ नये.

गोळाभात

यासाठी २ वाट्या तांदूळ, दीड वाटी हरभऱ्याच्या डाळीचा भरडा, गोळ्यांसाठी दीड लहान चमचा तिखट, अर्धा लहान चमचा हळद, अर्धा लहान चमचा ओवा, १ लहान चमचा जिरे, चिमूटभर हिंग, मीठ, मूठभर चिरलेला सांबार आणि मोहनासाठी ३ मोठे चमचे तेल लागते. वरच्या फोडणीसाठी ८ मोठे चमचे तेल, १ लहान चमचा मोहरी, ठेचलेल्या लसणाच्या ८-१० पाकळ्या, ४-५ सुक्या लाल मिरच्या आणि हिंग घ्यावा.

सर्वांत महत्त्वाचा आहे तो भरडा. हरभऱ्याची डाळ कढईत किंचित कोमट होईपर्यंत शेकून गिरणीवर रव्यासारखी जाडसर दळून आणावी. गिरणीवाल्याला ‘बेसन’ म्हटले तर तो बारीक दळून देतो, म्हणून ‘भरडा’ असेच सांगावे. गिरणी लांब असेल तर मिक्सरमध्ये थांबून-थांबून फिरवूनही भरडा निघतो. बारीक बेसनाचे गोळे आतून दडस होतात, वाफ त्यांच्या पोटात शिरत नाही. हे मी स्वानुभवाने सांगते. लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात मोठे नणंदोई जेवायला आले असता मी दुकानातल्या पुड्यातील बेसनाचे गोळे केले होते. त्यांनी पहिला गोळा बोटांनी दाबला, मग वाटीच्या बुडाने दाबला, आणि अखेर काही न बोलता ताटाच्या कडेला सरकवून ठेवला. सासूबाईंनी दुसऱ्याच दिवशी पायलीभर डाळ गिरणीवर पाठवली.

भरडा परातीत घेऊन त्यात तिखट, हळद, मीठ, हातावर चोळलेला ओवा, जिरे, हिंग व सांबार मिसळावा आणि त्यावर कडकडीत तापवलेले मोहन ओतावे. हाताला सोसेल इतके निवले की दोन्ही तळव्यांनी चोळून तेल सगळ्या भरड्याला लावावे. मुठीत दाबल्यावर भरड्याची मूठ राहिली आणि बोट लावताच ती फुटली, म्हणजे मोहन पुरेसे झाले. मग एकेक चमचा करीत सुमारे अर्धी वाटी पाणी शिंपडावे. मिश्रण जेमतेम एकत्र येईल एवढेच ओले हवे, कणकेसारखे मळायचे नाही. दहा मिनिटे झाकून ठेवून लहान लिंबाएवढे चौदा-पंधरा गोळे करावेत. गोळा मुठीत आवळून बांधावा, तळहातावर गोल फिरवून गुळगुळीत करीत बसू नये, कारण त्याच्या खडबडीत अंगातूनच वाफ आत जाते.

गोळ्यांच्या आधी तांदूळ धुऊन पंधरा मिनिटे भिजत घातलेला असावा. जाड बुडाच्या गंजात, म्हणजे उभ्या पातेल्यात, ५ वाट्या पाणी, भातापुरते मीठ आणि लहान चमचाभर तेल घालून उकळी आणावी आणि तांदूळ निथळून त्यात सोडावा. झाकण न ठेवता सात-आठ मिनिटे मोठ्या आचेवर शिजू द्यावे. शित बोटांत दाबून पाहावे. मध्ये पांढरी कणी लागली पाहिजे, आणि पाणी आटून भाताच्या पातळीला आलेले असून पृष्ठभागावर बुडबुड्यांची छिद्रे दिसू लागलेली असली पाहिजेत. गोळे घालण्याची वेळ तीच. त्याआधी घातले तर उकळत्या पाण्याच्या खळबळीत ते फुटून भात पिवळा होतो, आणि उशीर झाला तर गोळ्यांना शिजायला पाणीच उरत नाही.

गोळे एकेक करून भातात अर्धे रुतवावेत आणि वरून सराट्याने (उलथन्याने) थोडा भात त्यांच्या अंगावर ओढून घ्यावा. घट्ट झाकण ठेवून त्यावर वजन ठेवावे, गंजाखाली तवा सरकवावा आणि अगदी मंद आचेवर पंधरा ते अठरा मिनिटे ठेवावे. चूल असेल तर लाकडे बाहेर ओढून केवळ निखाऱ्यांवर गंज ठेवावा आणि चार निखारे झाकणावर टाकावेत. ही रीत गॅसपेक्षा कितीतरी चांगली आहे. माझी आत्या या वेळी झाकण कधीच उघडत नसे. ती गंजाच्या जवळ कान नेई. आत पाणी असेपर्यंत जाड, बुडबुडणारा आवाज येतो. पाणी संपले की तो बारीक होत जातो आणि शेवटी कोरड्या पाचोळ्यावर पाऊल पडावे तसा चुरचुर ऐकू येतो. तो ऐकला की ती गंज खाली उतरवी आणि आणखी दहा मिनिटे तसाच झाकून ठेवी. त्या दहा मिनिटांत गोळे आतपर्यंत मुरतात, म्हणून पोरांनी कितीही घाई केली तरी ती वाचवू नयेत. एक गोळा फोडून पाहावा: आतला रंग सारखा असेल आणि तो भुरभुरीत फुटत असेल तर झाला, मध्ये ओलसर गडद ठिपका व कच्च्या डाळीचा वास असेल तर आणखी पाच मिनिटे वाफ द्यावी.

वाढण्याच्या अगदी आधी लहान कढईत तेल तापवून मोहरी तडतडू द्यावी, मग लसूण घालून तो बदामी होत आला की मिरच्या व हिंग घालून लगेच उतरवावे. ताटात भात वाढून त्यावर दोन-तीन गोळे कुस्करावेत आणि ही गरम फोडणी प्रत्येकाने आपल्या अंदाजाने घ्यावी. सोबत ताक किंवा चिंचेचे पातळ सार हवेच, कारण हरभऱ्याच्या डाळीचा कोरडेपणा आंबटाशिवाय घशाखाली उतरत नाही. बुक्कीने फोडलेला कांदा असला तर दुसरे काही लागत नाही.

कढीगोळे

घरात ताक आंबट झाले असेल आणि तांदूळ काढायचा नसेल तर कढीगोळे करावेत व ते ज्वारीच्या भाकरीशी खावेत. १ वाटी हरभऱ्याची डाळ व पाव वाटी तुरीची डाळ सकाळी शेतावर जाताना भिजत घालावी. चार तास भिजली तरी पुरते, मात्र दिवसभर राहणार असेल तर पाणी भरपूर असावे. संध्याकाळी ती पूर्ण निथळावी आणि ५-६ हिरव्या मिरच्या, लसूण, आले, जिरे व मीठ घालून पाण्याचा थेंबही न घालता भरड वाटावी. काही अर्धी डाळ तशीच दिसली तरी बिघडत नाही.

कढीसाठी ४ वाट्या आंबट ताकात २ मोठे चमचे बेसन गुठळ्या न राहतील असे घुसळून दीड वाटी पाणी मिसळावे. गंजात २ मोठे चमचे तेलात मोहरी, जिरे, मेथीचे चार दाणे, हिंग, कढीपत्ता, ठेचलेला लसूण व हळद यांची फोडणी करून त्यात ताक ओतावे आणि उकळी येईपर्यंत एकाच दिशेने ढवळत राहावे. ढवळणे थांबले की कढी फाटते. मीठ उकळी आल्यावर घालावे.

गोळे विरघळणे हे येथले नेहमीचे दुखणे आहे आणि त्याचे कारण बहुतेक वेळा कढी नीट उकळत नसताना गोळे सोडणे हेच असते. कढी खळखळ उकळू लागली की आधी एकच गोळा सोडून दोन मिनिटे थांबावे. तो टिकला तर बाकीचे सोडावेत. त्याच्याभोवती डाळीचा गढूळ पट्टा पसरू लागला तर उरलेल्या वाटणात मोठा चमचाभर भरडा किंवा बेसन मिसळून घ्यावे. सगळे गोळे सुटल्यावर पाच मिनिटे सराटा लावू नये, लागलेच तर गंज कापडाने धरून नुसता हलवावा. पंधरा मिनिटांत गोळे वर येतात. कढी आटून दाट होते, म्हणून शेजारी गरम पाणी ठेवावे आणि लागेल तसे घालावे. सोबत हिरव्या मिरचीचा ठेचा पुरे.

चिकोल्या

यांना कोणी वरणफळे म्हणतात. पोळ्या लाटण्याचा आणि वरण करण्याचा वेगवेगळा वेळ नसेल तेव्हा दोन्ही एकाच गंजात आणण्याची ही युक्ती आहे. १ वाटी तुरीची डाळ अर्धा तास भिजवून, ३ वाट्या पाणी, हळद व थोडे तेल घालून कुकरमध्ये मऊ शिजवावी. आमच्याकडे बोअरचे पाणी फार जड आहे आणि त्यात डाळ हटवादी होते. ज्यांच्याकडे असे असेल त्यांनी साठवलेले पावसाचे किंवा नळाचे पाणी डाळीपुरते तरी वापरावे, आणि चिंच डाळ शिजण्यापूर्वी मुळीच घालू नये, कारण आंबटात डाळ शिजायची थांबते.

डाळ शिजेपर्यंत दीड वाटी कणकेत २ मोठे चमचे बेसन, तिखट, हळद, ओवा, मीठ आणि मोठा चमचाभर तेल घालून पुरीसारखी घट्ट कणीक भिजवावी. तिच्या जरा जाड पोळ्या लाटून शंकरपाळ्यांसारखे तुकडे कापावेत व परातीत पीठ भुरभुरून सुटे पसरून ठेवावेत.

मोठ्या गंजात ३ मोठे चमचे तेलात मोहरी, जिरे, हिंग, लसूण, कढीपत्ता, तिखट आणि बारीक चिरलेले दोन टमाटे परतून घोटलेली डाळ घालावी. आता ४ वाट्या गरम पाणी, मीठ, सुपारीएवढ्या चिंचेचा कोळ आणि तेवढाच गूळ घालून ते नेहमीच्या वरणापेक्षा बरेच पातळ करावे. पहिल्यांदा करणारा माणूस येथे हमखास पाणी कमी घालतो; पण चिकोल्या शिजताना व नंतर ताटात येईपर्यंतही पाणी पीतच राहतात. वरण खळखळ उकळत असताना तुकडे थोडे-थोडे करून, पसरून सोडावेत, आणि एक खेप वर आल्याशिवाय दुसरी टाकू नये. एकदम ओतले तर त्यांचा एक मोठा गोळा होतो आणि तो सुटा करता येत नाही. सगळे घातल्यावर मध्यम आचेवर दहा-बारा मिनिटे, अधूनमधून बुडापासून हलवीत शिजवावे. तुकडा दातांखाली कच्ची कणीक लागत नाही अशा बेताला आला की सांबार घालून उतरवावे आणि तूप सोडून खावे.

डिसेंबर-जानेवारीत तुरीच्या शेंगा भरल्या की फोडणीत वाटीभर ओले सोले, म्हणजे शेंगांतले हिरवे दाणे, परतून घ्यावेत. माझ्या मते चिकोल्या खऱ्या अर्थाने त्याच दिवसांत खाव्यात.

कोहळ्याचे बोंड

कोहळे पिकलेले, आतून गर्द केशरी असावे. साल व बिया काढून किसलेला २ वाट्या कीस गंजात घेऊन पाणी न घालता मंद आचेवर झाकण ठेवून मऊ करावा. त्याला स्वतःचेच पाणी सुटते. मग त्यात पाऊण ते १ वाटी चिरलेला गूळ घालून तो विरघळेपर्यंतच ठेवावे आणि उतरवून पूर्ण थंड होऊ द्यावे. गरम मिश्रणात कणीक घातली की ती चिकट होते, अंदाज चुकतो, आणखी कणीक पडते आणि बोंड दगडासारखे होतात. थंड झाल्यावर चिमूटभर मीठ, वेलचीपूड, मोठा चमचाभर तीळ, २ मोठे चमचे रवा आणि मावेल तेवढी, साधारण २ वाट्या कणीक घालावी. मिश्रण भज्याच्या पिठापेक्षा घट्ट आणि पोळीच्या कणकेपेक्षा बरेच सैल असावे; बोटांनी उचलून सोडले तर जडपणे पडले पाहिजे. अर्धा तास झाकून ठेवावे.

तेल मध्यम तापले की पिठाचा लहानसा ठिपका टाकून पाहावे. तो टाकताक्षणी वर येऊन काळपट झाला तर तेल जास्त तापले आहे, कारण गूळ लवकर जळतो. बुडाशी क्षणभर टेकून मग वर आला तर तेल बेताचे आहे. हाताने लिंबाएवढे बोंड सोडून मध्यमहून कमी आचेवर सात-आठ मिनिटे, फिरवीत, गडद तांबूस होईपर्यंत तळावेत. पहिला बोंड फोडून आत कच्चेपणा नाही ना हे पाहिल्याशिवाय दुसरा घाणा टाकू नये. हे दोन-तीन दिवस चांगले राहतात आणि वेचणीच्या न्याहारीत बांधून नेता येतात.

लापशी

ही सर्वांत सोपी, आणि आजाऱ्यापासून बाळंतिणीपर्यंत कोणालाही चालते. ३ मोठे चमचे तुपात १ वाटी गव्हाचा जाडसर दलिया मंद आचेवर खरपूस वास येईपर्यंत, सुमारे आठ मिनिटे भाजावा. त्यावर ३ वाट्या उकळते पाणी जपून ओतावे, कारण ते जोरात उसळते, आणि झाकण ठेवून कण पूर्ण मऊ होईपर्यंत शिजवावे. गूळ त्यानंतरच, पाऊण वाटी. कण कच्चा असताना गूळ पडला तर तो तेथेच ताठतो आणि मग तासभर शिजवूनही मऊ होत नाही. सुनांना लापशीवरून ऐकावे लागते ते बहुधा यामुळेच. गूळ विरघळून लापशी कडा सोडू लागली की वेलची किंवा सुंठ आणि भाजलेल्या फल्लीदाण्यांचे जाडसर कूट घालावे.

दूध घालून पातळ खायची असेल तर लापशी कोमट होऊ द्यावी आणि उकळून निवलेले दूध ताटलीत वरून घ्यावे. चुलीवरच्या गुळाच्या लापशीत दूध ओतले तर ते फाटते. सकाळी उरलेली लापशी घट्ट झालेली असते. ती तव्यावर थोड्या तुपात दाबून दोन्ही बाजूंनी खमंग भाजावी. आमच्या घरी पोरे रात्री हात आखडता घेतात, ते या सकाळच्या वड्यांसाठीच.